७२ ला कुठं होतं ग्लोबल वॉर्मिंग?

आमच्या घरी हवामानबदलाचा विषय निघाला की अण्णा एकच प्रश्न विचारतात. "बहात्तरला काय कमी दुष्काळ होता? तेव्हा कुठं होतं तुझं ग्लोबल वॉर्मिंग? निसर्गाचं चक्रच आहे हे." अण्णांनी तो दुष्काळ अंगावर काढलाय, पोरवयात आजीच्या मागं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेत, सुकडी खाल्लीय, मिलोची भाकरी खाल्लीय, त्यामुळे त्यांचं बोलणं मी कधीच उडवून लावत नाही. आणि खरं सांगायचं तर प्रश्न चुकीचा नाहीच आहे. हवामान माणूस नव्हता तेव्हापासून बदलतंय, चक्रं पण खरी आहेत. फक्त "चक्र आहे" एवढं म्हणून भागत नाही, कुठलं चक्र, ते कशानं फिरतं आणि आत्ता कुठल्या बाजूला चाललंय हे पण विचारायला लागतं.

बहात्तरचं चक्र आपल्याला माहीत आहे, एल निनो. पॅसिफिक महासागराचा मधला आणि पूर्वेकडचा भाग काही वर्षांनी एकदा नेहमीपेक्षा जास्त तापतो, वारे फिरतात आणि पुष्कळदा आपला मान्सून मार खातो. १९७२ ला जोरदार एल निनो होता, १८७७ च्या भयंकर दुष्काळाच्या वेळेला पण होता. याचा माग भारतातूनच सुरू झाला हे फार कमी लोकांना माहीत असतं. गिल्बर्ट वॉकर नावाचा गणितज्ञ १९०४ ला इथल्या हवामान खात्याचा प्रमुख झाला आणि मान्सून आधी ओळखता येतो का बघायला जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे जुळवत बसला, त्यातून त्याला दिसलं की पॅसिफिकच्या एका बाजूला दाब वाढला की दुसऱ्या बाजूला पडतो, झोपाळ्यासारखा. त्याचं ते खातं तेव्हा सिमल्यात होतं, १९२८ ला पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात.

आता एल निनो करतो काय, तर समुद्रात साठलेली उष्णता हवेत आणून सोडतो. एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात. म्हणजे गेल्या ५० वर्षांची सगळी तापमानवाढ एल निनोनं केली असती तर हवा तापताना समुद्र तेवढाच थंड व्हायला पाहिजे होता. तसं झालेलं नाही. जगभरच्या समुद्रात आज सुमारे ४ हजार आर्गो फ्लोट, म्हणजे तरंगती मोजणी यंत्रं, आहेत, २ किलोमीटर खोल बुडी मारून वर येतात आणि तापमान सॅटेलाईटला कळवतात, त्यांचे आकडे सांगतात की समुद्र पण तापतोय आणि पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेतला ९० टक्क्यांच्या आसपास वाटा तोच गिळतोय. दोन्ही खिसे भरत चाललेत, म्हणजे पैसे बाहेरून येतायत. २०२१ आणि २०२२ ला तर एल निनोची थंड बहीण ला निना होती, तरी ती दोन्ही वर्षं १९९८ च्या तुफान एल निनोच्या वर्षापेक्षा गरम भरली.

बरं, एल निनो छोटं चक्र झालं, मोठी चक्रं असतात की, हिमयुगं. असतात ना. २० हजार वर्षांपूर्वी एवढं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, कोकणचा किनारा आज आपण बघतो त्याच्या कितीतरी पश्चिमेला होता. हे का होतं त्याचं गणित मांडलं मिलुटिन मिलांकोविच या सर्बियन माणसानं. पहिल्या महायुद्धात, नुकतं लग्न झालेलं असताना, तो शत्रूच्या मुलखात पकडला गेला आणि मग बुडापेस्टमध्ये नजरकैदेत असताना तिथल्या लायब्ररीत बसून आकडेमोड करत राहिला. पृथ्वीची कक्षा कधी जास्त गोल कधी थोडी लांबट होते, हे साधारण १ लाख वर्षांचं चक्र, अक्षाचा कल २२ ते साडेचोवीस अंशांत हलतो, हे ४१ हजार वर्षांचं, आणि भोवरा डुलतो तसा अक्ष डुलतो, ते २३ हजारांच्या आसपासचं. लोकांनी खूप वर्षं विश्वास ठेवला नाही. शेवटी १९७६ ला हिंदी महासागराच्या तळाच्या गाळात तीच चक्रं सापडली.

पण मला सगळ्यात जास्त आवडते ती बर्फाची गोष्ट. १९६५ ला क्लोद लोरियस हा फ्रेंच शास्त्रज्ञ अंटार्क्टिकात होता, दिवसभर ड्रिलिंग झाल्यावर यांनी खोलवरनं काढलेल्या बर्फाचे तुकडे व्हिस्कीत टाकले आणि बर्फ विरघळताना ग्लासात फसाफसा बुडबुडे फुटायला लागले. ती हवा बर्फ पडला त्या काळातली होती! तिथं बर्फ वितळत नाही, वर्षावर वर्षं थर बसत जातात आणि दाबाखाली मधली हवा बंद होऊन जाते. पुढं अंटार्क्टिकातल्याच डोम सी नावाच्या जागी ३ किलोमीटरपेक्षा खोल भोक पाडून ८ लाख वर्षांची हवा बाहेर काढली. त्या ८ लाख वर्षांत कितीतरी हिमयुगं आली आणि गेली, पण कार्बन डायऑक्साइड, म्हणजे पृथ्वीची उष्णता अडवून धरणारा वायू, हवेच्या दर दहा लाख कणांत साधारण १८० ते ३०० याच्यातच खालीवर होत राहिला. १९५८ ला हवाईच्या मौना लोआ डोंगरावर मोजायला सुरुवात झाली तेव्हा तो ३१५ च्या घरात होता, आज ४२० च्या पुढं आहे.

इथं शंका घेणारे एक चांगला मुद्दा काढतात, की बर्फात तर आधी तापमान वाढलं आणि कार्बन नंतर वाढला, मग कार्बनमुळे तापलं कसं म्हणता? बरोबर आहे, हिमयुग संपताना सुरुवात कक्षेनंच केली. थोडं ऊन वाढलं, समुद्र तापला, गरम पाण्यात गॅस कमी मावतो म्हणून कार्बन बाहेर पडला (सोड्याची बाटली उन्हात ठेवून बघा) आणि मग त्या कार्बननं आणखी तापवलं. कोंबडीतून अंडं, अंड्यातून कोंबडी. या वेळेला कार्बन समुद्रातनं आलेला नाही, तो आपण जमिनीतनं काढून जाळलाय. याची खूण पण हवेतच आहे. जिवंत झाडांमध्ये कार्बन-१४ हा काळानुसार आपोआप नष्ट होत जाणारा कार्बनचा प्रकार असतो, कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं पुरलेलं असल्यामुळे त्यातला संपून गेलेला असतो, तर असा जुना धूर हवेत मिसळला की हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होणार. हान्स स्यूस या शास्त्रज्ञानं १९५० च्या दशकातच झाडांच्या खोडात ते पकडलं.

आणि मिलांकोविचचं चक्र आत्ता कुठं चाललंय? थंडीकडे, अगदी सावकाश. हिमयुगातून बाहेर येताना साधारण ५ अंश वाढायला १० हजार वर्षं लागली, म्हणजे शतकाला अर्धा दशांश अंश. आपण गेल्या ५० वर्षांतच १ अंशाच्या आसपास वाढवलंय.

सूर्याचं म्हणाल तर १९७८ पासून सॅटेलाईट त्याच्यावर नजर ठेवून आहेत, ११ वर्षांच्या चक्रात त्याचं तेज ०.१ टक्क्यानं खालीवर होतं, पण चढत गेलेलं नाही. शिवाय सूर्य तापवत असता तर वरची हवा पण तापली असती, उलट खालची तापतेय आणि वरचा थर, स्ट्रॅटोस्फिअर, थंड होतोय. कार्बन वाढला तर हे असंच होणार हे मनाबे आणि वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी १९६७ ला कागदावर मांडून ठेवलं होतं. ज्वालामुखींचा कार्बन आपल्या १ टक्क्याएवढा पण भरत नाही.

शंका घेणं वाईट नाही, मी तर म्हणेन घ्यावीच, पण रिचर्ड म्युलर यांच्यासारखी घ्यावी. बर्कलेचे हे फिजिक्सचे प्रोफेसर, यांना तापमानाच्या नोंदींवर खरंच संशय होता, शहरांच्या गरमीमुळे आकडे फुगलेत का, सोयीची ठिकाणं निवडलीत का. म्हणून त्यांनी टीम जमवली, जवळपास ४० हजार ठिकाणांच्या नोंदी पहिल्यापासून तपासल्या, पैसे देणाऱ्यांत तेलाच्या धंद्यातल्या कोक कुटुंबाचं फाउंडेशन पण होतं. आणि २०१२ ला त्यांनी जाहीर लिहिलं की तापमानवाढ खरी आहे आणि ती जवळजवळ पूर्ण माणसामुळे आहे. स्वतःचं मत स्वतःच्या आकड्यांनी खोडायला हिंमत लागते, मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

हे सगळं मी अण्णांना परवा ओट्यावर बसून सांगितलं. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे एल निनो राहणारच, आणि वर हे." अगदी हेच. मग त्यांनी विचारलं, पाऊस कमी होणार का जास्त? हवा १ अंशानं तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरते, त्यामुळे पडतो तेव्हा कोसळतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ ला दाखवलं की १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारताच्या पट्ट्यात, आपला महाराष्ट्र त्यातच येतो, मोठ्या भागावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या आणि एकूण पाऊस मात्र घटला. अण्णा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तरीच. आमच्या वेळी झड लागायची आठ-आठ दिवस, आता झड कुठं लागते?"