मराठी ई-बुक स्वतः प्रकाशित करताना: पात्रता, कागदपत्रं आणि फाइलची तयारी

अमेझॉनच्या केडीपीवर (किंडल डायरेक्ट पब्लिशिंग, लेखकाने स्वतः किंडलसाठी पुस्तक चढवायची सेवा) किंवा गुगल प्ले बुक्सवर पुस्तक चढवायला एक संध्याकाळ पुरते. फॉर्म सोपा आहे, शुल्क नाही, कोणा साहेबाची सही लागत नाही. वेळ जातो तो त्याआधीच्या दोन कामांत. पुस्तकाचे हक्क नेमके कोणाकडे आहेत याची कागदोपत्री खात्री करणं हे एक, आणि जुन्या डीटीपीतला, म्हणजे संगणकावर छपाईसाठी जुळवलेला, मजकूर स्वच्छ युनिकोडमध्ये (कुठल्याही फोनवर मराठीच दिसेल अशा अक्षरांत) आणणं हे दुसरं. पुण्यातले बरेच लेखक या दोनपैकी एका ठिकाणी अडकतात, म्हणून खाली त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

खातं कोणाला काढता येतं

वय १८ पूर्ण हवं. शाळकरी मुलांचे कवितासंग्रह हल्ली बरेच निघतात. तिथे खातं आई किंवा वडिलांच्या नावाने काढायचं आणि लेखक म्हणून मुलाचं नाव द्यायचं. केडीपीवर एका व्यक्तीला एकच खातं ठेवता येतं. पासवर्ड विसरला म्हणून दुसरं काढू नका, त्यापायी खातं बंद होऊ शकतं. टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी खातं खऱ्या नावाने काढावं, पुस्तकावर टोपणनाव चालतं.

पॅन कार्ड, बँक खात्याचा क्रमांक, आयएफएससी कोड, फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र आणि चालू मोबाइल क्रमांक एवढं हाताशी ठेवा. या सगळ्यांवरचं नाव एकच आहे का, ते आधी बघा. पॅनवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं आणि पासबुकावर नुसती आद्याक्षरं. किंवा पॅनवर माहेरचं आडनाव आणि बँकेत सासरचं. हा घोळ आपल्याकडे घरोघरी आहे. तो खातं काढण्याआधी बँकेत जाऊन निस्तरलेला बरा.

नोंदणी करताना कराची एक प्रश्नावली येते. डब्ल्यू-८बेन नावाच्या अमेरिकन फॉर्मचं ते ऑनलाइन रूप आहे. देश म्हणून भारत निवडायचा आणि परदेशी करक्रमांकाच्या जागी पॅन टाकायचा. भारत-अमेरिका करारामुळे अमेरिकेतल्या विक्रीच्या रॉयल्टीवर मग १५ टक्के कर कापला जातो, पॅन न दिल्यास ३० टक्के. मुलं-नातवंडं तिकडे असलेल्या पुणेकर लेखकांची थोडीफार विक्री तिथे होतेच, तेव्हा हा रकाना रिकामा सोडू नये.

हक्क कोणाचे?

स्वतः लिहिलेलं आणि कुठेच न छापलेलं पुस्तक असेल तर प्रश्न नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मजकूर लिहून झाला की हक्क लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. केडीपीही नोंदणीचं प्रमाणपत्र सरसकट मागत नाही. पुढे वाद होईल अशी शंका असेल तर दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. साहित्यकृतीसाठी शुल्क ₹५०० आहे. अर्जानंतर डायरी क्रमांक मिळतो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं.

पुस्तक आधी एखाद्या प्रकाशकाने छापलं असेल तर कपाटातून करारपत्र शोधून काढा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क ५ वर्षांसाठीच दिले असं धरलं जातं. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते. कलम १८ मध्ये २०१२ साली एक महत्त्वाची भर पडली. करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्यासाठी तो करार लागू होत नाही, त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असेल तरच होतो. १९८५ मध्ये केलेल्या करारात ई-बुक हा शब्द कुठून असणार? तरीही जुन्या कराराला ही तरतूद कितपत लागू पडते हे त्याच्या तारखेवर आणि भाषेवर ठरतं, त्यामुळे तो एकदा वकिलाच्या नजरेखालून घालावा.

व्यवहारात सगळ्यात सोपा उपाय म्हणजे प्रकाशकाकडून ना-हरकत पत्र. पुस्तकाचं नाव, आवृत्तीचं वर्ष, “ई-बुक स्वरूपातले हक्क लेखकाकडे आहेत” हे वाक्य, तारीख, सही, शिक्का. तोंडी “काढा हो, आमचं काही म्हणणं नाही” यावर विसंबू नका. प्रकाशन संस्थेत पुढची पिढी आली की म्हणणं बदलतं. हे पत्र मजकुरापुरतं असतं हेही लक्षात ठेवा. मुखपृष्ठावरचं चित्र चित्रकाराचं किंवा प्रकाशकाचं असतं, प्रस्तावना ज्याने लिहिली त्याची असते. त्या दोन्हींची परवानगी वेगळी घ्या, नाहीतर मुखपृष्ठ नवं करा.

आजोबांचं पुस्तक काढणारेही पुष्कळ असतात. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. १९६० मध्ये वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२१ पासून सगळ्यांसाठी खुलं झालं. मुदत संपली नसेल तर हक्क वारसांचा, म्हणजे सगळ्या वारसांचा. मृत्यूचा दाखला आणि प्रत्येकाची लेखी संमती एका फाइलमध्ये ठेवा; नागपूरच्या आत्यालाही त्यात धरा. खुल्या झालेल्या पुस्तकावर केडीपी ३५ टक्केच रॉयल्टी देतं, आणि तोच मजकूर किंडलच्या दुकानात फुकट उपलब्ध असेल तर नव्या टिपा, चित्रं किंवा नवा अनुवाद असं काही वेगळं असल्याशिवाय घेत नाही. मूळ लेखन खुलं झालं तरी जुन्या अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, हे बरेचजण विसरतात.

मजकुराची फाइल

आता खरं काम. मराठी डीटीपीचा बराच इतिहास पुण्यातच घडला. श्री-लिपी हे मराठी जुळणीचं सॉफ्टवेअर बनवणारी मॉड्युलर इन्फोटेक इथली, सीडॅक या सरकारी संगणक संस्थेचं मुख्यालय इथलं. त्यामुळे नारायण पेठेत नाहीतर अप्पा बळवंत चौकाच्या आसपास १५-२० वर्षांपूर्वी जुळवलेल्या पुस्तकाची पेजमेकर फाइल कुठल्यातरी सीडीवर सापडतेही. ती उघडली की पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. त्या काळच्या फॉन्टमध्ये देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फॉन्ट नसेल तर मराठी नाही. त्या फाइलची पीडीएफ दिसायला छान असते, पण तिच्यातून मजकूर कॉपी केला की पुन्हा तोच काला.

मार्ग दोन. फाइल आणि फॉन्टचं नाव दोन्ही असेल तर त्या फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर वापरून युनिकोड करायचं. नुसतं छापील पुस्तकच हाती असेल तर पानं स्कॅन करून गुगल ड्राइव्हमधून मजकूर उचलायचा. मराठी त्याला चांगलं वाचता येतं, छपाई फिकी नसली तर.

दोन्ही वाटांनी चुका येतातच, आणि त्या ठरलेल्या जागी येतात. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते. रफार एक घर मागे किंवा पुढे सरकतो. अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरं बसतात. ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांची अदलाबदल होते, आणि ती शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला कळत नाही, कारण आचार्यांना आणि आचाऱ्यांना हे दोन्ही शब्द बरोबरच आहेत. जेवणाचं आमंत्रण कोणाला आणि स्वयंपाकाचं काम कोणाला, ते माणसालाच वाचून ठरवावं लागतं. ‘ॲ’ हे अक्षर काही कन्व्हर्टर एकसंध देतात, काही ‘अ’वर चंद्र चढवून देतात. दिसायला सारखं, पण शोधताना सापडत नाही. शोधा-बदला वापरून सगळीकडे एकच रूप करून घ्या.

पुस्तकावर पैसे खर्च करायचेच असतील तर ते मुद्रितशोधकाला द्या. मुखपृष्ठावर दहा हजार घालून आत प्रत्येक पानावर रफार उडालेली पुस्तकं किंडलवर कमी नाहीत.

मजकूर शुद्ध झाला की वर्डमध्ये मांडणी. प्रत्येक प्रकरणाच्या नावाला ‘हेडिंग १’ ही स्टाइल द्या, त्यावरून अनुक्रमणिका तयार होते. छापील अनुक्रमणिका, पानांचे क्रमांक, वरच्या कोपऱ्यातलं पुस्तकाचं नाव, सगळं काढून टाका. ई-बुकात पान ठरलेलं नसतं. परिच्छेदाचा समास टॅब किंवा स्पेस मारून देऊ नका, स्टाइलमधून द्या. नवं प्रकरण नव्या पानावर न्यायला एंटर दाबत बसू नका, पेज ब्रेक द्या. ओव्या, अभंग, गझल असेल तर ओळ संपल्यावर शिफ्ट-एंटर आणि कडवं संपल्यावर एंटर. हे केलं नाही तर फोनवर कडव्यातली प्रत्येक ओळ सुटा परिच्छेद होऊन लोंबते.

केडीपी वर्डची फाइल घेतं. तरी ईपब (ई-बुकांचा सर्वमान्य फाइल-प्रकार) करून ठेवा, कारण तीच फाइल गुगललाही चालते. लिब्रेऑफिसमधून ईपब निघतं, सिजिलमध्ये त्याची दुरुस्ती होते आणि ईपबचेकने तपासता येतं; तिन्ही फुकट आहेत. फाइलच्या माहितीत भाषा मराठी नोंदवायला विसरू नका. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं दिली आहेत. भाषा हिंदी राहिली तर दोन्ही वळणं असलेला फॉन्टही हिंदी वळण दाखवतो. फॉन्ट फाइलमध्ये घालायचा असेल तर खुल्या परवान्याचा घ्या: मुक्ता, नोटो किंवा तिरो देवनागरी मराठी. विकतच्या डीटीपी फॉन्टचा परवाना ई-बुकात घालण्यासाठी असेलच असं नाही. पीडीएफ चढवण्याच्या फंदात पडू नका, फोनवर कोणी ती चिमटीने मोठी करकरून वाचत नाही.

मुखपृष्ठ वेगळं लागतं: जेपेग किंवा टिफ, उंची २५६० आणि रुंदी १६०० पिक्सेल, आकार ५० एमबीच्या आत. शेवटी किंडल प्रीव्ह्यूअरमध्ये पूर्ण पुस्तक पानं उलटत बघा. हे टाळायचं नाही.

फॉर्म आणि किंमत

केडीपीचा फॉर्म तीन पानांचा आहे: तपशील, मजकूर, किंमत. भाषा मराठी निवडा. शोधशब्दांसाठी सात चौकटी असतात. त्यांतल्या एक-दोन चौकटींत पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव रोमन लिपीत, लोक जसं टाइप करतात तसं लिहा. वर्ग तीन निवडता येतात. मजकूर, चित्र किंवा अनुवाद एआयने तयार केला आहे का, हा प्रश्न सप्टेंबर २०२३ पासून विचारला जातो. खरं उत्तर द्या.

रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक केडीपी सिलेक्ट या अमेझॉनच्या योजनेत घालावं लागतं. त्याची अट अशी की ९० दिवस ते डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही असता कामा नये. ब्लॉगवर किंवा प्रतिलिपी या संकेतस्थळावर कथा आधीच टाकल्या असतील तर त्या आधी काढा. नमुना म्हणून १० टक्क्यांपर्यंत मजकूर ठेवता येतो. छापील दिवाळी अंकात आलेल्या कथांना ही अट आड येत नाही.

७० टक्क्यांत आणखी एक वजावट असते: भारतात फाइलच्या प्रत्येक एमबीमागे ₹७. कर वगळून ₹१५० किमतीचं, २ एमबीचं पुस्तक असेल तर ₹१४ जाऊन उरलेल्या ₹१३६ चे ७० टक्के, म्हणजे ₹९५.२० मिळतात. ३५ टक्क्यांत ही वजावट नाही, तिथे ₹५२.५० येतील. पण आत्मचरित्रात घरचे सगळे फोटो मूळ आकारात घालून फाइल २५ एमबीची केली, तर वजावटच ₹१७५ होते. फोटो लहान करा किंवा ३५ टक्के घ्या.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, केडीपीच्या ई-बुकला लागत नाही, रकाना रिकामा चालतो. हवाच असेल तर केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या राजा राममोहन राय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडे लेखक म्हणून ऑनलाइन अर्ज करा. तो मोफत मिळतो, ‘आयएसबीएन काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. छापील आवृत्तीचा क्रमांक ई-बुकला लावायचा नाही, प्रत्येक स्वरूपाला वेगळा लागतो. गुगल प्लेवर क्रमांक नसेल तर गुगल स्वतःचा देतं.

‘प्रकाशित करा’ दाबल्यावर तपासणीला ७२ तासांपर्यंत लागतात. मजकूर इंटरनेटवर इतरत्र दिसला तर हक्काचा पुरावा मागणारी मेल येते; ना-हरकत पत्र आणि वारसांच्या संमती स्कॅन करून ठेवा म्हटलं ते यासाठीच. पैसे विक्रीचा महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी थेट बँकेत येतात. चूक सापडली तर दुरुस्त फाइल पुन्हा चढवता येते, नव्या खरेदीदाराला तीच मिळते. आधी घेतलेल्यांच्या फोनवर मात्र ती आपोआप पोचेलच असं धरू नका.