दारूचा डबा आणि लाकडी पेटी: एका घरगुती नियमामागचा इतिहास

घरी काडतुसे पुन्हा भरू पाहणाऱ्या नवख्या माणसाला एक नियम हमखास उफराटा वाटतो. बंदुकीची दारू जाड पोलादी तिजोरीत ठेवायची नाही. ती तिच्या मूळ डब्यातच राहू द्यायची आणि डबे फार तर लाकडी पेटीत ठेवायचे. हा नियम समजून घ्यायचा तर दोन निरनिराळ्या दारूंचा इतिहास पाहावा लागतो.

पहिली काळी दारू, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. ती उघड्यावरही क्षणार्धात भडकते आणि त्यासाठी एक ठिणगी पुरते. १२ ऑक्टोबर १६५४ रोजी नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे सुमारे ४० टन दारूचे कोठार उडाले, शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला आणि चित्रकार कारेल फाब्रिटियस त्यात दगावला. १७६९ मध्ये इटलीतील ब्रेशिया येथे दारू साठवलेल्या बुरुजावर वीज पडून शेकडो माणसे मेली. पुढे इंग्लंडमध्ये पर्फ्लीटच्या दारूकोठारांवर वीजरोधक बसवण्यासाठी १७७२ मध्ये समिती नेमली गेली, तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि हेन्री कॅव्हेंडिश होते. सळईचे टोक अणकुचीदार असावे की बोथट, यावरूनच सभासदांत जुंपली. कोठाराच्या आतली शिस्त मात्र वादातीत होती: पिंपांच्या कड्या तांब्याच्या किंवा लाकडाच्या, आणि खिळे ठोकलेले बूट दाराबाहेर. काळी दारू मोजताना आजही पितळी मापटे हाती घेतले जाते, ते याच भीतीपोटी.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी नायट्रोसेल्युलोजपासून, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेल्या कापसासारख्या तंतूंपासून, धूरविरहित दारू तयार केली आणि धोक्याचे स्वरूपच पालटले. ही दारू उघड्यावर पेटली तर नुसती जोराने जळते. कोंडली तर मात्र वायूचा दाब वाढतो, दाबाने जळण्याचा वेग वाढतो आणि शेवटी भांडेच फुटते. म्हणून घट्ट पोलादी तिजोरी आगीच्या वेळी बाँबसारखी ठरते, तर कारखान्याचा डबा थोड्या दाबातच उकलतो आणि आतली दारू जळून जाते.

तिचा दुसरा दोष असा की ती आपोआप सडते. फ्रेंच युद्धनौका ‘इएना’ १९०७ मध्ये आणि ‘लिबर्ते’ १९११ मध्ये तुलाँ बंदरात उडाल्या. दोन्ही वेळी संशय खराब झालेल्या दारूवरच गेला. पुढे डायफिनाइलअमाइनसारखी स्थिरकारके, म्हणजे हे सडणे लांबवणारी रसायने, सर्रास मिसळली जाऊ लागली, पण उष्णतेत ती लवकर संपतात. डबा उघडल्यावर नाकाला झोंबणारा आंबूस वास आला किंवा दाण्यांवर गंजासारखी तांबूस भुकटी दिसली, तर ती दारू वापरायची नाही, हे जाणते लोक नाकाने आणि डोळ्यानेच ठरवतात.

काडतुसे भरण्याच्या टेबलावरची शिस्त वेगळ्याच चुकीतून आली. काळी दारू पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या कवचात, काठोकाठ भरली तरी सहसा बिघडत नसे. बंदुकीसाठीच्या सुरुवातीच्या काही धूरविरहित दारू मुद्दाम त्याच मापट्याने भरता येतील अशा बनवल्या होत्या, पण मागून दाट दारू आल्या आणि जुन्या मापट्याने भरलेल्या काडतुसांनी नळ्या फुटू लागल्या. थोडक्या दारूने काम होत असल्याने मोठ्या पुंगळीत दोनदा दारू पडली तरी ती वरून दिसत नाही. म्हणूनच टेबलावर एका वेळी एकच डबा असतो आणि उरलेली दारू काम संपताच मापयंत्रातून काढून, नाव असलेल्या त्याच डब्यात परत जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्करी शिलकीची दारू स्वस्तात बाजारात आली आणि हा छंद घराघरांत पोहोचला. तिथल्या अग्निसुरक्षा मानकानुसार घरात २० पौंड, म्हणजे सुमारे ९ किलो, धूरविरहित दारू मूळ डब्यांत ठेवता येते. त्यापुढे ५० पौंडांपर्यंत किमान एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत. या लाकडाचे काम कोंडण्याचे नाही, आगीची धग काही काळ डब्यांपर्यंत पोहोचू न देण्याचे आहे.