सेवाव्रत आणि स्त्रियांची व्यवसायनिवड (महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील पांढरपेशा स्त्रियांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून घराबाहेरचे काम बहुधा सेवेच्या नावाखाली पत्करले. पगाराची भाषा ओशाळवाणी वाटे; समाजाची गरज पुढे केली की घरच्यांचा विरोध थोडा मवाळ होई.

आनंदीबाई जोशी आपले तान्हे मूल दगावल्यावर वैद्यकाकडे वळल्या. अमेरिकेला जाण्यापूर्वी, १८८३ मध्ये बंगालमधील सेरामपूर येथे केलेल्या भाषणात त्यांनी हिंदू स्त्री-डॉक्टरांची निकड मांडली आणि आपण हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाहीही दिली. बायका पुरुष डॉक्टरला अंग दाखवीत नसत. जी रीत स्त्रीला घरात ठेवी, तीच इथे तिच्या शिक्षणाच्या कामी आली. मुलींना शिकवायला बाईच हवी, हा युक्तिवादही त्याच जातीचा.

या कामांसाठी मनुष्यबळ मिळाले ते मुख्यतः विधवांमधून. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०८ मध्ये आजन्म सेवकांसाठी निष्काम कर्म मठ. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले या तरुणपणीच विधवा झालेल्या. मोठेपणी अक्षरओळख झालेल्या या बाई संस्थेसाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या, पुढे अमेरिकेत लोकांच्या घरची कामे करून राहिल्या. मुठीएवढ्या इंग्रजीवर केलेले हे धाडस ‘त्याग’ या एका शब्दात गुंडाळणे अन्यायाचे आहे. त्यात हौस आणि महत्त्वाकांक्षाही असणार.

शुश्रूषेची वाट सर्वांत अवघड होती. परक्या पुरुषाचा स्पर्श, कोणत्याही जातीच्या रुग्णाचे मलमूत्र, रात्रपाळी, यांमुळे उच्चवर्णीय घरे या कामाला नाके मुरडत. रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने (१९०९) विधवांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळवून देऊन ही अढी सैल केली.

शेतात आणि गिरणीत राबणाऱ्या बायका तर आधीपासूनच कमावत होत्या. त्यांना जीवनध्येय कुणी विचारले नाही.

सेवेच्या या चौकटीची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. १९७५ पासूनच्या अंगणवाडी सेविकांना आणि २००५ नंतरच्या आशा कार्यकर्त्यांना पगाराऐवजी मानधन आणि कामावर आधारित मोबदला मिळत आला. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केले.