कराराच्या मसुद्यांची तुलना: पार्श्वभूमी
कराराचा मसुदा दोन पक्षांमध्ये अनेकदा ये-जा करतो आणि दर फेरीत एकच प्रश्न असतो: आपण पाठवलेल्या मजकुरात समोरच्याने नेमकं काय बदललं? पूर्वी हे काम दोन माणसं करत. एकजण जुनी प्रत विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचे, दुसरा नव्या प्रतीवर बोट फिरवत फरक दिसला की खूण करी. टाइपरायटरच्या काळात निदान न बदललेली पानं पुन्हा टाइप होत नसत, त्यामुळे ती तशीच आहेत यावर विसंबता येई. वर्ड प्रोसेसर आला आणि तो भरवसा गेला. आता कुठल्याही पानावरचा शब्द मागमूस न ठेवता बदलता येऊ लागला.

उपाय आला तो प्रोग्रामरांकडून. 1974 मध्ये युनिक्स या संगणक प्रणालीच्या पाचव्या आवृत्तीत डग्लस मॅकिलरॉय यांचा, दोन फायलींतले फरक दाखवणारा 'डिफ' प्रोग्राम होता; जेम्स हंट यांच्यासोबत त्यामागची पद्धत त्यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जच्या अहवालात मांडली. दोन्ही फायलींत त्याच क्रमाने येणाऱ्या ओळींची सर्वांत लांब मालिका शोधायची. जुन्या फाइलमध्ये उरलेल्या ओळी 'काढलेल्या', नव्यातल्या 'घातलेल्या'. 1986 मध्ये यूजीन मायर्स यांनी याच प्रश्नाला जास्त वेगवान उत्तर दिलं.

प्रोग्राममध्ये साधारणपणे एक ओळ म्हणजे एक आज्ञा असते, म्हणून ओळीची तुलना पुरते. करारात मात्र दोनशे शब्दांचं कलम म्हणजे एकच परिच्छेद. 'जबाबदार राहील'चं 'जबाबदार राहणार नाही' झालं, तरी ओळीच्या हिशेबाने अख्खं कलम बदललं असंच दिसणार. म्हणून वकिलांसाठीची साधनं शब्दाशब्दाची तुलना करू लागली: आधी कम्पेअरराइट, पुढे वर्कशेअर कंपनीचं डेल्टाव्ह्यू. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्येही ही सोय आहे. 2007 च्या आवृत्तीपासून ती 'रिव्ह्यू' टॅबमध्ये 'कम्पेअर' या नावाने सापडते.

मूळ पद्धतीची एक मर्यादा मात्र आजही भोवते. क्रम हाच तिचा आधार असल्याने 14 वं कलम उचलून 9 व्याच्या जागी ठेवलं, की एका ठिकाणी सगळं खोडलेलं आणि दुसरीकडे सगळं नवं दिसतं. त्या हलवलेल्या कलमात कोणी '30 दिवस'चे '60 दिवस' केले असतील, तर ते त्या रंगाच्या गर्दीत नजरेतून निसटतात. हलवलेला मजकूर ओळखून वेगळ्या रंगात दाखवण्याची सोय नंतरच्या साधनांत आली, पण कलम हलवताना फार शब्द बदलले असतील तर तीही चुकते. अशी कलमं दोन्ही फायलींतून काढून स्वतंत्रपणे ताडून पाहावीत.

'ट्रॅक चेंजेस' ही वर्डमधली, होत असलेले बदल नोंदवत जाणारी सोय म्हणजे तुलना नव्हे, हे इथे ठासून सांगायला हवं. ती नोंद समोरच्याने चालू ठेवली तरच होते. मध्येच बंद करून केलेला बदल तिच्यात येत नाही. म्हणून परत आलेली फाइल आपण शेवटी पाठवलेल्या प्रतीशीच ताडावी, तीही दोन्हींतले नोंदलेले बदल स्वीकारून स्वच्छ केलेल्या प्रती घेऊन. उलट धोकाही आहे. 2004 मध्ये एससीओ कंपनीने डेमलरक्रायस्लरविरुद्ध केलेल्या दाव्याच्या वर्ड फाइलमध्ये जुने बदल तसेच राहिले होते. आधी बँक ऑफ अमेरिका प्रतिवादी म्हणून ठरली होती, हे त्यातून उघड झालं. बाहेर पाठवायच्या फाइलवर 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' ही लपलेली माहिती शोधून काढणारी वर्डची सोय चालवायची ती यासाठीच.

स्कॅन केलेल्या पीडीएफची तुलना सगळ्यांत कच्ची. पानाच्या चित्रातली अक्षरं वाचणारी अक्षरओळख 1 ला इंग्रजी एल समजते, रकान्यांची सरमिसळ करते, शिक्क्याखालचा शब्द गाळते. मग शेकडो खोट्या फरकांत खरा एखादा दडून जातो. आकडे, तारखा आणि 'नाही' असलेली वाक्यं तिथे डोळ्यांनीच तपासावी लागतात. सहीसाठी आलेली प्रत शेवटच्या मान्य मसुद्याशी ताडताना तर हे टाळूच नये, कारण सही झाल्यावर दुरुस्तीला दोन्ही पक्षांची संमती लागते.