वर्गातला पडदा मुलांच्या हाती कसा आला

‘प्रकल्प’ म्हटलं की पूर्वी मुलं आधी स्टेशनरीच्या दुकानात धावायची. चित्रांचा छापील तक्ता, कार्डशीट, स्केचपेन आणि फेविकॉलने चिकटवलेली, कडेने फुगलेली कात्रणं. अख्ख्या वर्गाचे तक्ते सारखेच दिसत, कारण दुकान एकच. पण ते मुलांनी केलेले असत. निदान त्यांच्या आयांनी तरी.

चित्राला आवाज मिळाला तेव्हा मात्र मुलं नुसती बघणारी झाली. पुण्यात १९८४ साली शाळकरी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी ‘बालचित्रवाणी’ ही सरकारी संस्था सुरू झाली आणि तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून दिसू लागले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम कॉलेजच्या मुलांसाठी दूरदर्शनवर सुरू झाला. दोन्हीकडे बनवणारे वेगळे, बघणारे वेगळे. बालचित्रवाणी २०१७ साली बंद झाली, तोवर शाळकरी मुलं फोनवर स्वतःच व्हिडिओ काढू लागली होती.

पॉवरपॉइंट तर शाळेसाठी जन्मलंच नाही. १९८७ साली अमेरिकेतल्या फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीने ते मॅकिंटॉशसाठी आणलं. त्यामागची कल्पना ज्यांची, त्या रॉबर्ट गॅस्किन्स यांच्या डोळ्यांपुढे होता मीटिंगमध्ये ओव्हरहेड प्रोजेक्टरवर पारदर्शक पट्ट्या लावणारा कंपनीतला माणूस. पहिली आवृत्ती काळ्या-पांढऱ्या पट्ट्याच छापून द्यायची. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलरला ही कंपनी विकत घेतली. शीर्षक आणि खाली पाच ठिपके, हा साचा तिथूनच आपल्या सहावीच्या ‘पाण्याचे प्रदूषण’पर्यंत आला.

महाराष्ट्रात तो घरोघरी पोचला एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमामुळे. २००१ साली तो चालवणारं एमकेसीएल, म्हणजे महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, स्थापन झालं, आणि पुढे गावोगावच्या केंद्रांत एक्सेलच्या जोडीला पॉवरपॉइंटही शिकवलं जाऊ लागलं. शिक्षक शिकले, मुलांना संगणक कक्षात चपला बाहेर काढून, एका संगणकामागे चौघं अशी जागा मिळायची.

खरी अडचण पुढे होती, आणि ती भाषेची होती. कृतीदेव, श्रीलिपी, शिवाजी या फॉन्टमध्ये संगणक मनात इंग्रजी अक्षरंच साठवायचा, दाखवायचा तेवढी देवनागरी. कृतीदेवात ‘मराठी’ टाइप केलेली फाइल पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या संगणकावर उघडावी, तिथे तो फॉन्ट नसावा, आणि पडद्यावर यावं ‘ई जे के बी एच’. मुलगी पुढे उभी, वर्ग हसतोय, आणि सर ‘फॉन्ट कुठाय?’ म्हणून फोल्डर धुंडाळतायत. हे ज्याने पाहिलंय त्याला युनिकोडचं, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीचं, महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती आणि विंडोज २००० मध्ये ती ‘मंगल’ फॉन्टसह आली. पण मंगलमधले ल आणि श हिंदी वळणाचे. पाठ्यपुस्तकातला ल पडद्यावर दिसत नाही म्हणून खट्टू होणारी मुलं मी पाहिली आहेत. २००९ साली राज्य शासनाने मराठी वळणाचे ल आणि श शासन निर्णय काढून ठरवून दिले. पुढे मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ असे खुले फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळू लागले. ऑनलाइन साधनांमध्ये मराठी मजकूर नीट बसू लागला तो या सगळ्यानंतर.

सादरीकरणाची ती साधनं तोवर रांगेने येऊन गेली होती. २००६ मध्ये स्लाइडशेअर, २००७ मध्ये गूगलची ब्राउझरमधली सादरीकरणं, २००९ मध्ये बुडापेस्टहून प्रेझी, २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातून कॅनव्हा. माझ्या मते यात सर्वात मोठा बदल गूगलने केला, दिसायला सर्वात साधा असूनही. एकाच फाइलमध्ये चौघांना एकाच वेळी लिहिता येऊ लागलं आणि कुणी किती केलं हे आवृत्त्यांच्या इतिहासात दिसू लागलं. गटकार्यात आयतं नाव लावणाऱ्यांची पंचाईत झाली. प्रेझीचं एका मोठ्या पटावर इकडून तिकडे गरगर फिरणं मात्र पहिल्या दोन सादरीकरणांपुरतंच छान वाटायचं.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर संगणक कक्षाची कुलपं निरर्थक ठरली. बाबा कामावरून आले की त्यांचा फोन घ्यायचा, आवाज भरायचा, चित्रं जोडायची, वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकायचं. ज्या घरात एकच फोन आणि तीन भावंडं, तिथे प्रकल्प रात्री अकराला व्हायचा. तक्त्यासाठी निदान रांग लावावी लागत नव्हती.

३१ डिसेंबर २०२० ला अडोबी कंपनीने ब्राउझरमध्ये हालती चित्रं आणि आवाज दाखवणाऱ्या आपल्या फ्लॅश या सॉफ्टवेअरचा आधार काढून घेतला. आवाज आणि हालचाल असलेली कितीतरी जुनी ऑनलाइन भित्तिपत्रकं फ्लॅशवरच उभी होती. ती उघडेनाशी झाली. कार्डशीटचा तक्ता निदान शाळेच्या माळ्यावर सापडतो.

त्याच महिन्याच्या सुरुवातीला सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, १० लाख डॉलरचं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून त्यामागे कविता, व्हिडिओ, गोष्टी ठेवण्याची त्यांची युक्ती पुढे राज्याच्या पुस्तकांत गेली. आता काही वर्गांत मुलं ती उलटी वापरतात. तक्ता कार्डशीटचाच, कात्रणं फेविकॉलनेच चिकटवलेली, आणि उजव्या कोपऱ्यात छापून डकवलेला एक काळा-पांढरा चौकोन. फोन धरला की तक्ता करणारी मुलगी आपल्याच आवाजात ओढ्याची माहिती सांगू लागते.