संदेशवहन आणि कॅमेरा एकाच अधिकाऱ्याकडे कसे आले

अमेरिकी लष्कराच्या तळावर ‘संदेशवहन व दृश्य माहिती’ सांभाळणाऱ्या मुलकी अधिकाऱ्याच्या कामाची यादी वाचली, तर हे दोन माणसांचे काम वाटते. टेलिफोन, रेडिओ आणि नेटवर्क त्याच्याकडे. शिवाय फोटो स्टुडिओ, व्हिडिओ, ग्राफिक्स, सभागृहातली ध्वनिव्यवस्था आणि व्हिडिओ कॉन्फरन्सही त्याच्याचकडे. ही सांगड आजच्या रूपात पक्की झाली ती १९८० च्या दशकात.

त्याआधी दूरसंचार, संगणक, छायाचित्रण, दप्तर आणि छपाई यांच्या साखळ्या वेगळ्या होत्या. १९८४ मध्ये ॲरिझोनातल्या फोर्ट वाचुका येथे नवी माहिती-प्रणाली कमांड उभी राहिली आणि या पाचही शाखा ‘माहिती व्यवस्थापन’ या एकाच छत्राखाली आल्या. तळातळावर माहिती संचालक आला आणि दृश्य माहितीचा प्रमुख त्याच्या हाताखाली गेला. ‘ऑडिओव्हिज्युअल’ हा जुना शब्दही याच सुमारास मागे पडला.

या निर्णयामागे पैशाचा मोठा वाटा होता. जे काम बाजारात मिळते ते सरकारने स्वतः का करावे, हा प्रश्न वॉशिंग्टनमध्ये १९५० च्या दशकापासून विचारला जात होता. १९६६ च्या ए-७६ परिपत्रकाने त्याला चौकट दिली, तर १९७८ मध्ये सरकारी चित्रपट-व्हिडिओ निर्मितीसाठी स्वतंत्र परिपत्रक निघाले. न्यूयॉर्कच्या ॲस्टोरियातला लष्कराचा मोठा चित्रपट स्टुडिओ तर १९७० मध्येच बंद झाला होता. दुसऱ्या महायुद्धात तिथे सैनिकांसाठी प्रशिक्षणपट तयार होत. तो गेल्यावर तळावरच्या प्रमुखाचे काम कॅमेऱ्यापासून दूर सरकत कंत्राटे, उपकरणांची मंजुरी आणि कामाच्या मागण्यांचा हिशेब यांकडे वळले. आजही त्याच्या दिवसाचा बराच भाग यातच जातो.

मूळ मात्र बरेच जुने. लष्कराच्या संदेशवहन शाखेची, म्हणजे सिग्नल शाखेची, सुरुवात १८६० मध्ये एका लष्करी डॉक्टरने केली, झेंड्यांच्या खुणांवर. तीनच वर्षांत, यादवी युद्ध चालू असताना, टेलिग्राफ सैनिकांच्या ताब्यात असावा की मुलकी तारबाबूंच्या यावर भांडण पेटले. मुलकी बाजू जिंकली आणि संस्थापकाला पद सोडावे लागले. या शाखेने पुढे १८७० पासून देशाचा हवामान अंदाज सांभाळला. तो १८९१ मध्ये कृषी खात्याकडे गेला. १९०७ मध्ये विमाने तिच्याकडे आली आणि १९१८ मध्ये गेली. छायाचित्रण तिच्याकडे आले १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धात उतरताना, आणि ते शंभर वर्षे टिकले. नव्या तंत्राला इथे घर मिळते आणि ते मोठे झाले की दुसरे कुणी घेऊन जाते, अशी या शाखेची रीतच दिसते.

कॅमेऱ्याच्या बाबतीत तसे घडले ते गेल्या दशकाच्या अखेरीस. युद्धभूमीवर चित्रण करणारे आणि ग्राफिक्स करणारे सैनिक ही दोन वेगळी पदे एक करून जनसंपर्क शाखेकडे सोपवली गेली. बाजू मांडणाऱ्यांचे म्हणणे सरळ होते. फोटो काढणारा आणि बातमी देणारा एकाच ठिकाणी जातात, एकच कॅमेरा वापरतात आणि त्यांची चित्रे एकाच संकेतस्थळावर चढतात. मग दोन शाखा पोसायच्या कशाला? माणसे कमी होत असताना हा मुद्दा वजनदार ठरला.

पण या हिशेबात एक गोष्ट निसटली असे मला वाटते. सिग्नलकडे असलेला कॅमेरा मुख्यतः नोंदीसाठी होता. पूल कसा कोसळला, रस्ता कुठे खचला, कोणते वाहन कुठे जळाले हे सेनापतीने पाहावे म्हणून ते चित्रण होई, आणि त्यातले पुष्कळ कधी छापायचेच नसे. जनसंपर्काचे काम लोकांसमोर जाते, त्यामुळे तिथे निवड आधी होते. दोन्ही कामे प्रामाणिक आहेत, मात्र एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली आली की छापण्याजोग्या फोटोला प्राधान्य मिळते आणि कंटाळवाणी नोंद मागे राहते. १९८३ मध्ये अमेरिकी सैन्य कॅरिबियनमधल्या ग्रेनेडा बेटावर उतरले तेव्हा पत्रकारांना पहिले दोन दिवस बाहेर ठेवले गेले. अशा वेळी लष्कराचा स्वतःचा कॅमेरा हाच साक्षीदार असतो. त्याने काय टिपायचे हे प्रसिद्धीच्या गरजेने ठरू नये.

याच कारणासाठी प्रत्येक अधिकृत चित्राला ओळखक्रमांक असतो: आधी तारीख, मग सेनादलाचे अक्षर, मग छायाचित्रकाराची खूण, शेवटी अनुक्रम. असा क्रमांक आणि चित्राखाली नीट लिहिलेली ओळ नसेल तर पन्नास वर्षांनी अभिलेखागारात ते चित्र कुणाच्या उपयोगाचे राहत नाही. संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून काढलेल्या चित्रावर अमेरिकेत कॉपीराइट नसतो, म्हणून ती कुणालाही वापरता येतात. त्यामुळे नोंद चुकली तर चूकही तितकीच दूर पसरते. अधिकृत चित्रात फेरफार करू नये असा नियम असूनही २००८ मध्ये पहिल्या चार-तारांकित महिला जनरलच्या फोटोची पार्श्वभूमी बदलून मागे राष्ट्रध्वज घातला गेला. तेव्हा एका मोठ्या वृत्तसंस्थेने संरक्षण खात्याची चित्रे घेणे काही काळ थांबवले.

तळावरच्या मुलकी पदाचा गुंता यातून सुटलेला नाही. केंद्रीय नोकरीच्या वर्गवारीत दूरसंचाराला ३९१, संगणकाला २२१० आणि दृश्य माहितीला १०८४ क्रमांक आहे, आणि पद यांपैकी एकाच क्रमांकात बसवावे लागते. जाहिरात ३९१ मध्ये निघाली तर अर्ज येतात ते वायर आणि स्विच ओळखणाऱ्यांचे. १०८४ मध्ये निघाली तर डिझाइन आणि चित्रांच्या मांडणीतल्या लोकांचे. निवड झालेल्याला उरलेले अर्धे काम नोकरीत शिकावे लागते.