रेक्टिफायर आणि रेग्युलेटर: डबा एक, कामं दोन

बॅटरीची लाल वायर जोडली आणि त्याच क्षणी १० अँपिअरचा काचेचा फ्यूज आतून काळा पडला. इंजिन बंद, चावी बंद, एकही दिवा लागलेला नाही. दुसरा फ्यूज लावला, तोही गेला. वडिलांची यामाहा आरएक्स १०० मोटरसायकल मी पार चेसिसपर्यंत उघडली होती. जागोजागी टेप गुंडाळलेली जुनी वायरिंग काढून टाकली होती आणि इंदूरला रामबागेतल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून पहिल्या वायरीपासून नवी ओढत होतो. पंधरा दिवसांचं काम आणि शेवटच्या जोडाला हे.

शेजारचे काका आयुष्यभर मोटारी रिवाइंड करत आलेले. त्यांनी मला काही विचारलं नाही. मी बसवलेला रेग्युलेटर हातात घेतला, उलटा केला आणि वायरी मोजल्या. दोनच होत्या.

"रेग्युलेटर आणलास, पण रेक्टिफायर कुठाय?"

"काका, एकच ना ते?"

"एका डब्यात राहतात म्हणून एक होतात होय?"

घोळ होतो तो इथेच. बहुतेक मोटरसायकलींत सीटखाली किंवा टाकीखाली अॅल्युमिनियमचा, पन्हाळ्या पाडलेला एक डबा असतो. दोन्ही भाग त्याच्याच पोटात असतात. बाजारात त्याला 'आरआर' म्हणतात, आणि घाई असली की नुसतं 'रेग्युलेटर'. रेक्टिफायर बोलण्यातून गळतो, मग डोक्यातूनही गळतो. कंपनीची गाडी कंपनीच्याच वायरिंगवर चालवायची असेल तर त्याने काही बिघडत नाही. डबा बदलायचा, कपलर खोचायचा, झालं. पण सगळी वायरिंग स्वतः करायची तर दोघांना वेगवेगळं ओळखावंच लागतं.

आधी रेक्टिफायर. फ्लायव्हील म्हणजे इंजिनासोबत फिरणारं जड चाक; त्यातली चुंबकं कॉइलसमोरून फिरतात, एकदा उत्तर ध्रुव, एकदा दक्षिण. त्यामुळे कॉइलमधली वीज सतत दिशा बदलते. ती एसी. बॅटरीला मात्र एकाच दिशेने आलेली वीज हवी, म्हणजे डीसी. मधे बसतात डायोड. डायोड वीज एकाच बाजूने जाऊ देतो, उलटी येऊ देत नाही. बोअरिंगच्या पंपाखाली असतो तसला व्हॉल्व्ह समजा: पाणी वर चढतं, पण मोटर बंद झाली तरी खाली उतरत नाही.

माझे फ्यूज ही 'खाली उतरत नाही'ची सोय नसल्यामुळेच गेले. डायोड एसीचं डीसी करतो हे शाळेत शिकलो होतो. इंजिन बंद असताना तो बॅटरीची राखण करतो हे लक्षात आलं नव्हतं. माझ्या कॉइलचं एक टोक बॉडीला अर्थ होतं आणि दुसऱ्या टोकाला मी थेट बॅटरीची धन बाजू जोडली होती. काकांनी मीटर लावून कॉइलचा रोध मोजला: ०.६ ओहम. १२.६ व्होल्टला ०.६ ने भागा, २१ अँपिअर येतात. बॅटरी थेट तांब्याच्या कॉइलमधून अर्थमध्ये ओतली जात होती. फ्यूज नसता तर वायरीचं प्लास्टिक वितळलं असतं. त्या दिवसापासून मी बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज बसवतो, आणि तो बसवल्याशिवाय पुढची एकही वायर जोडत नाही.

आता रेग्युलेटर. आपल्या घरात हा शब्द पंख्याचा. बटण फिरवलं की पंखा हळू, बटण फिरवलं की जोरात. गाडीतल्या रेग्युलेटरला बटण नाही आणि त्याला कमी-जास्त करायचंही नसतं. त्याचं काम एकच, व्होल्टेज एका मर्यादेपलीकडे जाऊ न देणं. इंजिन जितकं जोरात फिरेल तितका कॉइलचा व्होल्टेज चढतो. मोकळ्या कॉइलवर मीटर लावून थ्रॉटल पिळला तर आकडा ४० व्होल्टच्याही वर जाऊ शकतो. १२ व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीला चार्ज होताना साधारण १३.८ ते १४.५ लागतात. १५ ओलांडले की ती आतून उकळायला लागते.

जुन्या आणि साध्या गाड्यांत बहुतेक शंट जातीचा रेग्युलेटर असतो. आमच्याकडे एक दिवसाआड नर्मदेचा नळ येतो. मोटर लावून गच्चीवरची टाकी भरायची, आणि भरली की ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी वाहू लागतं. मोटर चालूच असते. शंट रेग्युलेटर म्हणजे तो ओव्हरफ्लोचा पाइप. व्होल्टेज मर्यादेला टेकला की आतला थायरिस्टर (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) कॉइलची वीज शॉर्ट करून परत कॉइलकडेच वळवतो. कॉइलचं काम थांबत नाही, नको असलेली वीज उष्णता होऊन जाते. डब्याला पन्हाळ्या असतात त्या यासाठी.

इथे कस्टम गाडी बनवणाऱ्यांची एक समजूत हमखास चुकते, आणि मला तिची फार काळजी वाटते. ३५ वॅटचा बल्ब काढून १२ वॅटचा एलईडी लावला, म्हणजे कॉइल आणि रेग्युलेटरला आराम मिळाला, असं लोक मानतात. शंट असेल तर उलट होतं. टाकीतून पाणी कमी उपसलं की ओव्हरफ्लोतून जास्त जातं. एलईडी लावल्यावर डबा पूर्वीपेक्षा जास्त तापतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनासोबत कायम सुरू राहतो, म्हणजे भाराचा एक मोठा भाग ठरलेलाच. अशा गाडीचा डबा काढून तुम्ही सगळं एलईडी केलेल्या गाडीला लावलात, तर त्याच्या वाट्याला त्याच्या सवयीपेक्षा जास्त उष्णता येते. दुसरी जात सिरीजची. टाकी भरल्यावर मोटरच बंद करणाऱ्या ऑटो-स्विचसारखी ती गरज नसेल तेव्हा कॉइलचा रस्ताच तोडते. कॉइल आणि डबा दोन्ही थंड राहतात. महाग असतो, पण डबा कुठेतरी झाकून बसवायचाच असेल तर पैसे इथे घालावेत असं माझं मत आहे.

मी पहिल्यांदा तो सीटच्या मागच्या कुबडात लपवला होता, दिसायला सुरेख म्हणून. मे महिन्यात इंदूरचं ऊन चाळिशीच्या वर, आणि आत हवेचा झोत नाही. अर्ध्या तासाच्या फेरीनंतर डब्यावर बोट टेकवेना. आता तो इंजिनसमोर खालच्या पाइपवर आहे. बसवताना पट्टीवरचा रंग घासून काढला. डबा स्वतःच्या अंगातून अर्थ घेत असेल तर रंगाचा पातळ थरही पुरे होतो घोटाळ्याला. शिवाय एक वेगळी काळी वायर थेट बॅटरीच्या ऋण टोकाला नेली.

बिघाडही दोघांचे वेगळे. रेक्टिफायरचा डायोड तुटून उघडा पडला तर चार्जिंग मंद होतं किंवा थांबतं. डायोड शॉर्ट झाला तर गाडी उभी असतानाच बॅटरी गळते, रात्री ठीक होती ती सकाळी मेलेली. रेग्युलेटर गेला तर बहुधा उलटा प्रकार: चढत्या थ्रॉटलवर बल्ब लख्ख होऊन उडतात, बॅटरीतलं पाणी आटतं, आंबूस वास येतो. कोण गेलंय ते मीटरवर बऱ्यापैकी कळतं. डायोडच्या खुणेवर मीटर ठेवून, डबा वायरिंगमधून सोडवून, एसीच्या पिनेपासून धन पिनेकडे मोजा. एका दिशेने साधारण ०.५ व्होल्ट दिसले आणि टोकं उलटी केल्यावर काहीच नाही, तर तो डायोड शाबूत. रेग्युलेटर असा टेबलावर सापडत नाही. त्याला चालत्या इंजिनावरच पाहावं लागतं: बॅटरीच्या टोकांवर डीसी, हळूहळू थ्रॉटल, आणि आकडा कुठे थांबतो ते बघायचं. त्याच वेळी मीटर एसीवर फिरवून तीच टोकं मोजली आणि अर्ध्या व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं, तर बोट पुन्हा रेक्टिफायरकडे.

एक फसवा प्रसंग मात्र सांगायलाच हवा. काही डब्यांना व्होल्टेज जोखणारी वेगळी बारीक वायर असते, ती चावीनंतर जोडतात. चावीचे टोक जुने, गंजलेले असले तर तिथेच अर्धा-पाऊण व्होल्ट पडतो. रेग्युलेटरला १४.२ दिसतात आणि बॅटरीवर प्रत्यक्षात १५ जवळ आलेले असतात. डबा चांगला असतो, त्याला चुकीची बातमी मिळत असते. नवा डबा आणण्याआधी चावीच्या दोन्ही बाजूंना मीटर लावून बघा.

फुल वेव्हचं, म्हणजे एसीच्या लाटेचे दोन्ही अर्धे भाग वापरण्याचं, थोडक्यात. माझ्या गाडीची मूळ रचना अशी की कॉइलचं एक टोक अर्थ आणि लाटेचा अर्धाच भाग बॅटरीला. हेडलाइट सरळ एसीवर, म्हणून हळू चालवताना मिणमिणायचा. सगळं बॅटरीवरून चालवायचं तर कॉइलचं अर्थ केलेलं टोक सोडवून, त्याला वायर जोडून, दोन्ही टोकं चार डायोडच्या रेक्टिफायरला द्यावी लागतात. काकांनी स्टेटरवरचा (कॉइल बसवलेल्या, न फिरणाऱ्या भागावरचा) तो सोल्डर स्वतः सोडवला, नवी वायर लावली आणि वर वार्निश केलेली स्लीव्ह चढवली. नंतर कॉइल आणि बॉडी यांच्यात मीटर लावून दाखवलं: काहीच जोड नाही. हे तपासल्याशिवाय फुल वेव्हचा डबा लावू नका, एक टोक अर्थला राहिलं असेल तर आतले डायोड जातात.

महाराणी रोड हा इंदूरचा इलेक्ट्रिकच्या सामानाचा बाजार. तिथे मी फक्त स्लीव्ह, थिंबल आणि वायर घेतली, मुख्य चार्जिंग ओळीसाठी २.५ चौरस मिलिमीटरची. डब्यासाठी पुन्हा पार्ट्सच्या दुकानात गेलो. त्या पहिल्या वेळी मी नुसतं 'रेगुलेटर' म्हटलं होतं आणि काउंटरवरच्या मुलाने एसी दिव्यांच्या गाड्यांना लागतो तो दोन वायरींचा दिला होता. मागितलं तेच त्याने दिलं. दुसऱ्यांदा म्हटलं, "भिया, रेक्टिफायर-रेगुलेटर साथ में, फुल वेव्ह, सिंगल फेज, चार तार: दो एसी, एक पॉजिटिव, एक अर्थ." तो आत गेला आणि दोन प्रकारचे घेऊन आला.

संध्याकाळी ओट्यावर तिसरा फ्यूज लावला. काका बाजूला स्टूलावर. उभ्या गाडीवर १२.७. किक मारली, आयडलवर १३.१, थ्रॉटल वाढवला तसा आकडा चढत १४.२ ला आला आणि तिथेच उभा राहिला. आणखी पिळला, १४.२. काकांनी खिशातला मार्कर काढला आणि सीटच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला तिन्ही आकडे तारखेसह लिहून ठेवले.